पाटलांच्या माळ्यावरचा कोंबडा

साहेब पाटावर बसले. त्यांनी भाताकडे बघितलं, वाटीतल्या सुकटीकडे बघितलं, आणि मान वर करून मला विचारलं, "कोंबडी कुठाय?"

पाटलांच्या अंगणात तेव्हा चौदा कोंबड्या फिरत होत्या. एक तर साहेबांच्या बुटावरच उभी होती. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मी खाडीकाठच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, बैल धरणारा, डॉक्टर सांगतील ते औषध पाजणारा. शिक्षण तिसरी, नोकरी टेंपररी. मला पर्मनंट करायचा कागद ह्याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. पाटलांच्या ह्या उलवे गावातलं माझं काम बघून ते त्यावर लिहिणार होते. आता उलव्याला विमानं उतरायची गोष्ट करतात. तेव्हा तिथं जायचं तर भरती बघून होडीत बसावं लागे.

काम कोंबड्यांच्या जंतांचं होतं. गावातल्या कोंबड्या दाणा भरपूर खायच्या आणि वाळत जायच्या. छातीचं हाड वर आलेलं, तुरा फिका, अंडी बंद. बायका म्हणायच्या, कुणाची तरी नजर लागली. मी एक मेलेली कोंबडी सगळ्यांसमोर चिरली आणि आतडं उघडून दाखवलं. आत शेवयांसारखे पांढरे जंत. ते बाटलीत भरून मी घरोघर फिरवले. गावानं औषधाला हो म्हटलं आणि त्या वर्षी शेवया करायचं सोडलं.

जंतांच्या औषधाचे दोन नियम. एक, द्यायचं तर सगळ्यांना. जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, दुसरी कोंबडी तिथंच चोच मारते. एक जरी सुटली तरी ती पुन्हा गावाला वाटत फिरते. दुसरा नियम, औषध दिल्यावर आठ दिवस कोंबडी कापायची नाही. हे सर्क्युलरमध्ये होतं. सर्क्युलर इंग्रजीत होतं. क्लार्ककडून मी ते मराठीत वाचून घेतलं आणि पाठ केलं. खाली सही साहेबांची.

संध्याकाळी सगळ्या घरची पाण्याची भांडी उचलून घ्यायला लावली. सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढे औषधाचं पाणी ठेवलं. गाव झालं. दुसऱ्याच दिवशी पाटलांचा जावई आला.

पाटील मला शोधत आले. "ड्रेसर, जावय आयलाय माजा. कोंबरा कापतो."

"आठ दिवस नाही."

"मंग त्याला काय सुकट घालू?"

"घाला."

"जावयाला सुकट? माजी पोर हाय त्याच्या घरान!"

मी दारातून हललो नाही. जावयानं सुकट खाल्ली, पानसुद्धा न खाता उठला, आणि परत ह्या गावात पाय ठेवणार नाही म्हणून गेला. पाटलीणबाई रडल्या. पाटील मला एवढंच म्हणाले, "तुजा सायब येल तवा बघतो, तुजा कायदा कुठं जातो."

पाचव्या दिवशी साहेब आले. म्हणून ती सुकट.

मी उभा राहून सांगितलं, "साहेब, कोंबड्यांना डोस दिलाय. अजून तीन दिवस कापता येत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सर्क्युलर."

"अरे, ते सर्क्युलर मी काढलंय!"

"म्हणून तर साहेब."

पाटील खांबाला टेकून ऐकत होते. मिशीत हसत होते.

साहेब जरा गोडीत आले. "हे बघ, एवढ्यातेवढ्या औषधानं काही होत नाही. नियम गावच्या लोकांसाठी असतो."

मी म्हटलं, "साहेब, खाणारा गावचा का ऑफिसातला, हे कोंबडीला कसं कळणार?"

साहेब लाल झाले. "बरं. डोस न दिलेली एखादी असेल ना? गावात एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. सगळ्या गावाला दिलाय."

तेवढ्यात पाटील बोलले, "हाय की. एक हाय."

आणि माळ्यावर चढून त्यांनी डालग्याखालून एक तांबडा कोंबडा काढून आणला. गलेलठ्ठ. औषधावर भरवसा नाही म्हणून डोसाच्या आदल्या दिवशी लपवलेला. मी दारात उभा होतो म्हणून जावयाच्या वेळी तो काढता आला नव्हता. "ह्याला थेंब नाय दिला," पाटील म्हणाले. "कापा आनि खा, सायब. कायद्यान बसते."

साहेबांचा चेहरा उजळला. पाटलीणबाई विळी आणायला उठल्या.

मी विचार केला. कोंबडा कापला तर नियम मोडत नव्हता. साहेब खूश, कागदावर सही. पण मग मी आत्ताच सगळ्या गावाला दिलाय म्हटलं ते खोटं. आणि लपवलेला कोंबडा साहेबांच्या ताटात चालतो हे दिसल्यावर, आणखी कुणाच्या माळ्यावर काय आहे, हे कुणी मला पुढे सांगणार नाही. शिवाय कोंबडा अगदी हाताशी होता.

मी पाटलांच्या हातातून तो घेतला, काखेत दाबला, चोच उघडली, आणि पिशवीतल्या बाटलीतला डोस बेतानं घशात सोडला. कोंबड्यानं गिळला. एकदा शिंकला.

"आता एकसुद्धा नाही," मी म्हटलं.

मग साहेब ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. भरती उतरायला लागली होती, होडी थांबणार नव्हती, पोटात भूक होती. साहेबांनी सुकट खाल्ली. दोनदा मागून घेतली, हेही सांगायला हवं.

त्यांच्या रिपोर्टमध्ये काम पूर्ण असल्याचं लिहिलं होतं. आणि माणूस उद्धट असल्याचंही. दोन्ही खरं होतं. मी आणखी तीन वर्षं टेंपररी राहिलो. साहेबांची बदली झाल्यावर पर्मनंट झालो.

उलव्याला मात्र वेगळंच झालं. साहेबालाही पाटलांकडे सुकटच मिळाली, ही बातमी होडीतून जावयाच्या गावी पोचली. आपला मान साहेबाएवढा झाला हे त्याच्या ध्यानात आलं. रुसवा सोडून तो आपणहून सासुरवाडीला आला. पाटलांनी दिवस बोटांवर मोजले होते. कोंबड्याला डोस दिल्यापासून नवव्या दिवशी त्यांनी तो कापला आणि मला बोलावणं धाडलं.

कापल्यावर पाटलांनी स्वतः आतडं चिरून बघितलं. स्वच्छ होतं. तंगडी जावयाच्या ताटात जाते, ती त्यांनी माझ्या ताटात वाढली. जावयाला दुसरी.

तेव्हापासून मी एक समजून आहे. तिसरी शिकलेल्या माणसाला नियम एकदाच सांगावा, कारण तो पाठ करतो. ज्यानं लिहिला त्याला तो वाचूनच दाखवावा लागतो.