पार्सलीला अहो-जाहो

फिर्मां सगळ्या जगाला अरे-तुरे करतो. मोंब्रेलच्या शातोची, म्हणजे या जुन्या हवेलीची, मालकीण, गावचे पाद्री, तिकिटं विकून पाहुण्यांना हवेली दाखवणारी मी, कुणालाच सूट नाही. अहो-जाहो फक्त बागेतल्या बॉक्सवुडच्या झुडपांना. "जरा पुढे आलात हं, मोस्यू," म्हणत कातरी चालवतो. का म्हणून विचारलं तर, "ते माझ्या आधीपासून इथे आहेत, सोलेन. तू कालची."

मला इथे अकरा वर्षं झाली.

आमची बाग म्हणजे वरच्या खिडकीतून बघायची रांगोळी. मधोमध बॉक्सवुडच्या दोन मोठ्या वेलांट्या, एकमेकींच्या आरशातल्या. दोरी ताणून, पाणसळ लावून फिर्मां चौतीस वर्षं त्या तशाच ठेवतोय. गेल्या उन्हाळ्यात अळीनं डावीची शेपटीच फस्त केली. आणि मे महिन्यात परीक्षक येणार होते, फाटकावरची मानाची पाटी ठेवायची की काढायची ते ठरवायला.

मालकीणबाई म्हणाल्या, "पाटी गेली तर सगळीकडे खडी टाकू, फिर्मां. खडीला माळी लागत नाही."

"तुझ्या डोक्यात टाक," फिर्मां म्हणाला. पण ती गेल्यावर.

एप्रिलअखेर एका सकाळी बघते तर शेपटी जागेवर! हिरवीगार, कुरळी, नीट कापलेली.

"फिर्मां, ही पार्सली आहे!"

"ओरडू नकोस. वरून कळतं?"

"वरून नाही, पण..."

"मग परीक्षकांना वरच अडकव. बडबडीचाच पगार घेतेस ना?"

एक पथ्य मात्र मी त्याला घातलं. त्या दिवशी पार्सलीलाही अहो-जाहो करायचं, म्हणजे फरक कुणाला कळणार नाही. तो चिडला. "ऑम्लेटात पडणारीला?" पण आठवडाभर तालीम केली.

परीक्षक आले. मी वरच्या खिडकीपाशी पन्नास मिनिटं रेटली, एका डचेसची दोन लफडी जागच्या जागी रचली. तेवढ्यात त्यांच्या प्रमुख, मादाम ओब्रियाल, पिशवीतून चिखलाचे बूट काढत म्हणाल्या, "गोष्टी झकास. आता खाली."

खाली फिर्मांनं उजवी वेलांटी दाखवली. "छान दिसताय, मोस्यू." मग डावी. मी मागून पुटपुटतेय, अहो म्हण, अहो म्हण. आणि पार्सलीवर चढत होती एक गोगलगाय.

"ए भवाने! कुणाला खांद्यावर घेतलंस? सरळ उभी राहा!"

मादाम थांबल्या. "उजवीकडच्यांना तुम्ही, आणि हिला तू?"

मी डोळे मिटले.

"ही घराण्यातली नाही," फिर्मां म्हणाला. "स्वयंपाकघरातली आहे."

त्यांनी एक पान तोडलं, चावलं, दुसरं तोडलं. बाकीचे दोघे वहीत तोंड खुपसून हसत होते. मालकीणबाईंचा चेहरा खडीसारखा.

"विष मारून मारून निर्जीव केलेल्या बागा खूप बघितल्या," मादाम म्हणाल्या. "इथे निदान गोगलगाय आहे. नवीन बॉक्सवुड वाढेपर्यंत पार्सली राहू दे. पाटीही राहील. पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. दोघांना तू, नाहीतर दोघांना तुम्ही. ठरवा."

फिर्मांनं उजवीकडे बघितलं. चौतीस वर्षांच्या मोस्यूंना तू? त्याचे कान लाल झाले. मग टोपी काढून तो डावीकडे वाकला.

"मादाम पार्सली," तो दात-ओठ खात म्हणाला, "आपण जरा सरळ उभ्या राहाल का?"