इंगरचा शेवटचा सिनेमा

इंगर दार उघडायची ती साखळी लावूनच. फटीतून आधी माझ्या हातांकडे बघायची. "फोन घरी ठेवलास ना?" मी हो म्हटलं की साखळी निघायची.

इथे परदेशात, हॅरिस पार्क या उपनगरात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. वय पंचाहत्तरीपुढचं, पण पाठ ताठ. डेन्मार्कमध्ये आपण सिनेमात नटी होतो, असं तिनं एकदा चहा पिताना सांगितलं. माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, लगेच नेटवर शोधलं. त्या नावाची नटी सापडलीच नाही. "बाई थापा मारतेय, नाहीतर काहीतरी करून पळून आलीय," तो म्हणाला. मलाही तसंच वाटायला लागलं. नवऱ्याबद्दल विचारलं की कधी तो वारला म्हणायची, कधी त्याला सोडलं म्हणायची. बुद्धपौर्णिमेला जेवायला बोलावलं, तर लोक फोटो काढतील म्हणून आली नाही. खिरीची वाटी मात्र ठेवून घेतली. "गोड माणसांपासून जपावं, गोड पदार्थांपासून नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मागच्या हिवाळ्यात एका डॅनिश माणसानं आमची बेल वाजवली. त्यानं एका तरुण बाईचा फोटो दाखवला. ही मोठी नटी, हिच्यावर माहितीपट करतोय, ती समोरच राहते ना, असं विचारू लागला. नाव वेगळंच होतं, पण डोळे इंगरचे होते. बोलता बोलता त्यानं फोन तिच्या दारावर रोखला. मला ते आवडलं नाही. अशी कुणी इथे राहत नाही, असं मी सांगून टाकलं.

तो गेल्यावर इंगर पहिल्यांदाच आमच्या घरात आली. दारामागून तिनं सगळं ऐकलं होतं. किचनमध्ये बसून ती बोलू लागली. नवरा दिग्दर्शक होता. त्यांची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली. दफनाच्या वेळी इंगर कोसळून रडत होती, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून त्याचा कॅमेरामन झाडाआडून ते टिपत होता. पुढे ते रडणं त्यानं तिच्याच सिनेमात घातलं. तिनं ते पहिल्यांदा भरल्या थिएटरातच पाहिलं.

"त्या भूमिकेला बक्षीस मिळालं. सगळे म्हणाले, काय अभिनय!"

बक्षीस घ्यायला ती गेली नाही. नवरा सोडला, सिनेमा सोडला, सिनेमातलं नाव टाकून माहेरचं मूळ नाव लावलं आणि इथे येऊन एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करत राहिली. मिलिंद मान खाली घालून ऐकत होता.

"मुलीसाठी पुन्हा कधी रडलात?" मी विचारलं.

"रडते ना. पण आधी मागे बघून घेते."

वसंतात ती झोपेतच गेली. अंत्यविधीला मिलिंद आणि मी, दोघंच होतो. मला रडू आलं, आणि मी आधी मागे बघितलं.