नाव गाळून सांगा

कोणी काही सांगू लागलं की सुलभाताई आधी हात वर करायच्या. “थांबा. नाव गाळून सांगा.” सासूची कागाळी घेऊन आलेल्या बाईलाही हाच नियम. टोकियोत ओजिमाच्या आमच्या इमारतीत मराठी घरं सात. सकाळची बातमी संध्याकाळी सातही घरांत पोचायची. ताईंकडून मात्र एकही बाहेर पडली नाही. त्या एका विद्यापीठाच्या तक्रार-कक्षात दुभाष्याचं काम करायच्या.

माझी मुलगी केतकी दुसऱ्या विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. लॅबच्या नोमिकाईत, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला-जेवायला बसतात तेव्हा, प्राध्यापकांनी तिच्या मांडीवर हात ठेवला. मग एकटीला भेटायला बोलावणारे मेसेज सुरू झाले. तिचा प्रबंध त्यांच्याच हाती होता. तिने बिननावी तक्रार लिहिली, मी दोनदा तपासली. नाव नाही, क्रमांक नाही. तरी पाठवण्याआधी आम्ही ती ताईंना दाखवली.

“नाव गाळलंत, पण ताट तसंच ठेवलंत,” त्या म्हणाल्या.

तक्रारीत होतं : सगळे चिकन खात होते, माझ्यापुढे फक्त एदामामेच्या शेंगा होत्या, तेव्हा सर शेजारी येऊन बसले. लॅबमध्ये माणसं अकरा, शाकाहारी एक. हिशेबात मुरलेल्या मला ही वजाबाकी दिसली नव्हती.

“पण ते खरं आहे,” मी म्हणालो.

“खरं आहे म्हणूनच कळेल. आणि तुम्ही जरा गप्प बसा. केतकी, तुला काय हवंय गं?”

“दुसरी लॅब. आणि सेन्सेईंना माझं नाव कळायला नको.”

“मग तुमच्या विद्यापीठाच्या तक्रार-कक्षातल्या बाईंना नाव सांग. बिननावी कागदाचं उत्तर त्या कोणाला देणार? नाव न सांगणं वेगळं, सांगून झाकायला लावणं वेगळं. ‘मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही,’ असंही त्यांना बजाव.”

“आणि मी शिक्षा मागितली तर?”

“मग चौकशी होईल, आणि बहुधा त्यांना नाव कळेल. हे आत्ताच माहीत असू दे. आज ठरवायची घाई नाही.”

केतकी एकटीच गेली. मला यायचं होतं. ताईंनी मला त्यांच्या घरी बसवून मटार सोलायला दिले.

पुढच्या महिन्यात कक्षाने विभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाळीपाळीने बोलावलं, केतकीलाही. आणखी कोणीकोणी बोललं असावं. प्राध्यापकांकडचे सगळेच विद्यार्थी इतर लॅबमध्ये वाटले गेले. कोणाच्या तोंडून सुरुवात झाली, ते लॅबमध्ये आजही कोणाला ठाऊक नाही. केतकी पुन्हा पोटभर जेवू लागली. जपानीत आईशी वादही घालू लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

नवऱ्याच्या बदलीमुळे ताई कोबेला निघाल्या, तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. “ताई, तुमच्यामुळे आमची केतकी त्या प्रकरणातून...”

त्यांनी निर्विकार चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “कुठलं प्रकरण?”

मी मागे वळून पाहिलं. समोरच्या घराचं दार उघडं होतं.

“पेढे कसले?” ताईंनी जरा मोठ्याने विचारलं.

“तुम्ही निघालात, त्याचे,” मी म्हणालो.

“अहो, इतके कंटाळला होतात होय मला?” त्या खळखळून हसल्या आणि डबा हातातून घेतला.