व्हॅनची डगमग आणि माझी भीड

मला मदत केली ती खुलताबादच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या आपानं. आपा म्हणजे थोरली बहीण, सगळे तिला तसंच म्हणतात. हे आधीच लिहून टाकतो. माझं शिक्षण आठवी, तीही अर्धी. सांगायला बसलो की मी इतके फाटे फोडतो की मुख्य माणूस राहूनच जातो. आपा राहून गेलेली मला चालणार नाही. तिला तर मुळीच चालणार नाही.

मी इथला नाही. माझं गाव गडचिरोलीच्याही पुढं, जंगलात. एका रस्त्याच्या कामावर इकडं आलो. काम संपलं, बाकीचे परत गेले, मी राहिलो. बोलण्यातलं 'हो जी' अजून सुटलेलं नाही, म्हणून इथं मला सगळे 'जी'वाले म्हणतात. आता माझी एक जुनी व्हॅन आहे. माझ्याआधी ती दोन मालकांकडं राबून आलेली. रोज सकाळी खुलताबादच्या सात बायकांना घेऊन घाट उतरायचा, शहर ओलांडायचं आणि बिडकीनजवळच्या कारखान्याच्या गेटवर सोडायचं. संध्याकाळी परत. माझं पोट त्या सात सीटांवर आहे.

तर त्या व्हॅनच्या डाव्या चाकातून खडखड यायला लागली. मी ती काकांकडं नेली. काका म्हणजे शहराच्या कडेला गॅरेज चालवणारे मिस्त्री. रस्त्याचं काम संपल्यावर मला झोपायला जागा दिली ती त्यांनी, गाडी चालवायला शिकवलं ते त्यांनी, आणि पहिले दोन महिने जेवणाचा डबा यायचा तो त्यांच्या घरून. काकांनी चाक हलवून पाहिलं आणि स्टेअरिंगकडून चाकाकडं जाणाऱ्या दांडीचं टोक गेल्याचं सांगितलं. गॅरेजात त्याला टायरॉड एंड म्हणतात. त्यांनी नवं टोक बसवलं. त्यांना बिडकीनला लग्नाला जायचं होतं, भावकीचे लोक रिक्षात बसून हाका मारत होते.

"चालवून बघ, अन् मला नीट सांग," काका म्हणाले. "लाजू नको."

मी चालवून पाहिली. खडखड गेली होती. पण गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग मात्र मान वाकडी करून बसलेलं. आणि व्हॅन रस्त्यावर पोहत होती. जरा हात ढिला सोडला की इकडं, सावरली की तिकडं. मी परत आलो. काका नवा सदरा घालून उभे होते.

"कशीय?"

"एकदम मक्खन आहे जी!"

आता तुम्ही म्हणाल, असं का बोललास? ज्या माणसाचं मीठ खाल्लं त्याला लग्नाला निघताना 'तुमचं काम चुकलं' असं कसं म्हणणार? मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. उलट भीती वाटायला लागली की काका कधीतरी माझ्या गाडीत बसतील, वाकडं स्टेअरिंग बघतील आणि त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी आपाच्या दुकानातून पाना मागून आणला, हॉर्नची टोपी काढली, मधला नट सोडला आणि स्टेअरिंगचं चाक उपटून, ते ज्या दात्यांवर बसतं त्यातले दोन दाते फिरवून परत बसवलं. आता ते दिसायला सरळ होतं. खालची चाकं जशी होती तशीच. काकांची अब्रू वाचवल्याच्या आनंदात मी त्या दिवशी दोन चहा प्यायलो.

व्हॅन मात्र पोहतच राहिली. मागच्या बायकांनी आधी थट्टा केली.

"भाऊ, आज जरा जास्त डुलवा, रात्री झोप नाही झाली."

"अगं त्यांना नको बोलू, गाडीला नाच येतो, त्यांना नाय येत."

मी 'हो जी, हो जी' करत दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरायचो. घाटात माझी पाठ घामानं भिजायची. एका शुक्रवारी घाटातच समोरून ट्रक आला आणि व्हॅन हातभर त्याच्याकडं सरकली. मागं सातही जणींनी सीटचे दांडे घट्ट धरले. ते मला थट्टेपेक्षा जड गेलं. संध्याकाळी उतरताना त्यातली सगळ्यात मोठी बाई म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. पण सोमवारपासून आम्ही दुसरी गाडी बघतो. घरी लेकरं आहेत आमची."

राग कसला मानणार? त्यांचं बरोबर होतं.

शनिवारी त्यांना कारखान्यावर सोडलं आणि आपाच्या दुकानापुढं गाडी उभी केली. हवा भरायला. त्या आठवड्यातली ती पाचवी खेप.

"क्या रे जीवाले, फिर आया?" आपा म्हणाली. "हवा गाडी खाते का तू खातो?"

"पुढच्या चाकात कमी वाटते जी."

तिनं मापून पाहिलं. दोन्हीकडं सारखी. मग मापक बाजूला ठेवून ती चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरवरून तळहात फिरवला. आतल्या बाजूनं बाहेर. मग बाहेरून आत. थांबली. दुसऱ्या चाकाशी गेली, तिथंही तसंच.

"हात दे इकडं." तिनं माझा हात धरून टायरवर ओढला. "असा गेला तर मऊ. आता उलटा फिरव."

उलटा फिरवला तर हात अडकत होता. कानशीवरून फिरवल्यासारखा.

"हे हवेचं काम नव्हं. चाकं फाकलेली आहेत तुझी. दोन्ही तोंडं बाहेर, जशी रुसलेली नवरा-बायको. रबर घासून चाललंय. कोणाकडून काम केलं?"

मी टायरवरचा हात काढून पँटीला पुसला.

"काकांकडून? मग त्यांना सांगितलं?"

"सांगितलं जी. मक्खन आहे म्हणून सांगितलं."

आपानं कपाळाला हात लावला. कपाळावर काळं उमटलं. "अल्ला! आजारी माणूस डॉक्टरला म्हणतो, साहेब मी ठणठणीत आहे. आणि मग रोज माझ्याकडं येऊन हवा भरतो!" तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. "चल."

घाट उतरताना ती एकदाच बोलली. "या गाडीत सात बायका बसवतो तू?" पुढं गॅरेजपर्यंत तिनं दाराचा दांडा सोडला नाही.

काका गाडीखाली होते. बाहेर येत म्हणाले, "ये रे. कशी चाललीय?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "एकदम मस्त जी!"

"काय मस्त?" आपा मागून कडाडली. "काका, गाडी पोहते याची. बायका सोडून चालल्यात. अन् हा तुमची इज्जत सांभाळत बसलाय."

काका फडक्याला हात पुसत माझ्याकडं वळले. मग हसले. "माझी इज्जत तुझ्याजवळ ठेवायला कधी दिली होती रे मी?"

त्यांनी व्हॅन सपाट जागेवर घेतली. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं. ढिलं काही नव्हतं. मग सुतळीचा गुंडा काढला. मागच्या चाकाला सुतळी टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणली. उजवं चाक सुतळीला बरोबर लावून घेतलं आणि तशीच सुतळी डावीकडं ताणली. तिथं पुढची कड आधी टेकली, मागच्या कडेला बोट जाईल एवढी फट. काका उठले, भंगाराच्या डब्यातून जुनं टोक शोधून आणलं आणि नव्याशी जोडून धरलं. नवं जरा आखूड होतं.

"आटे मोजले मी," काका स्वतःशीच म्हणाले. "जुनं जेवढ्या आट्यांवर होतं तेवढ्यावर नवं चढवलं. लांबी कोण बघणार? मी लग्नातल्या जेवणाचा विचार करत होतो."

"जेवण तरी चांगलं होतं का?" आपानं विचारलं.

"वांगं लई तिखट होतं."

त्यांनी लॉकनट सोडला, दांडी थोडी वाढवली, परत सुतळी लावली. फट गेली. मग एक चक्कर मारून आले आणि चेहरा पाडून उतरले.

"गाडी सरळ जातीय. पण स्टेअरिंग वाकडं झालं. आली तेव्हा ते सरळ होतं. म्हणजे मी परत कुठंतरी चुकलो." ते पाना घेऊन पुन्हा खाली वाकले. "जसं होतं तसं करतो, मग बघू."

जसं होतं तसं! म्हणजे पुन्हा तीच डगमग, तोच घाट. मला कळत होतं की आता बोललो नाही तर सोमवारी गाडी रिकामी जाणार. काका, ज्यांनी मला घास दिला ते काका, माझ्या चोरीपायी स्वतःला चुकलेलं समजत होते. आपा माझ्याकडं बघत होती. पाना तिच्याकडचाच होता, तिला तेवढ्यात सगळं समजलं असणार. तिनं नुसतं कोपरानं मला ढोसलं. बरगडीत. जोरात.

"काका, थांबा जी," मी म्हणालो. "स्टेअरिंग मी फिरवलं. दोन दाते. तुम्हाला वाकडं दिसू नये म्हणून."

काका गाडीखालून अर्धे बाहेर आले आणि तसेच पडून राहिले. मला वाटलं आता शिव्या येणार. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू आवरेना त्यांना. "रोगी बरा दिसावा म्हणून फोटोच सरळ टांगला व्हय रे!" बसून डोळे पुसले आणि मग मात्र आवाज खाली आला. "घाटात सात बायका होत्या. मला वाईट वाटलं असतं ते एक दिवस. पुन्हा असं करू नको."

"नाही जी."

"नुसतं 'जी' नको. काय वाईट आहे ते सांगायचं."

"काका," मी म्हणालो, "डाव्या ब्रेकमधूनही थोडा आवाज येतो."

"आता बोललास!" आपा म्हणाली. "आता याला थांबवू नका, घराचंपण गाऱ्हाणं सांगेल."

स्टेअरिंगचे दोन दाते काकांनी माझ्याच हातानं परत फिरवायला लावले. त्याच संध्याकाळी मी बायकांना घ्यायला गेलो तेव्हा आपा पुढच्या सीटवरच होती. त्या बायकांना ती म्हणाली, "मी बसते, तुम्ही बघा." घाटात मी एका हातानं चालवून दाखवली. मोठी बाई माझ्या हाताकडं बघत होती. वर आल्यावर म्हणाली, "भाऊ, सोमवारी नेहमीच्याच वेळेला या. पण दोन हातांनी चालवा."

आपानं त्या दिवसाचं काही घेतलं नाही. अर्ध्या शटरामागं किती गिऱ्हाईक परत गेलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, हीही माझी भीडच. मला एवढंच माहीत आहे की तिचं माहेर पिशोरला आहे. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून कित्येक ईदींना ती तिथं गेलेली नाही. मी तिच्याकडून पंक्चर काढायला शिकतोय. एक ना एक दिवस मी तिचं दुकान सांभाळीन, दिवसभर, एकही गिऱ्हाईक परत न पाठवता, आणि ती माहेरी जाऊन येईल. काही बिघडलं तर ते तिला खरं सांगेन. आपा, हे मी सगळ्यांसमोर कबूल करतो.