अण्णाला काय सांगू?

मंडळी, दुपारपासून काय करावं तेच सुचंना झालंय.

अपघातात डोक्याला मार लागल्यापासून माझा थोरला भाऊ अण्णा मनात आलं की करून मोकळा होतो. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा ताबाच सुटलाय.

आज ताडकळसच्या बाजारात त्यानं भजं घ्यायला सरळ उकळत्या कढईत हात घातला असता. मी त्याला मागं ओढलं, तर त्यानं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली. जन्मात कधी माझ्यावर हात न उगारलेला माणूस!

घरी आल्यावर बाजारातलं सगळं विसरून, माझा सुजलेला गाल बघून तोच म्हणला, "कुणी मारलं रे तुला? दाव मला, सोडत न्हाई त्याला!"

मी म्हणलो, "पडलो, अण्णा."

तुमी असता तर खरं सांगितलं असतं का?