करंजाची फांदी

अन्याय आमच्या आप्पांवर झाला. मी बारावीला होते त्या वर्षी, आषाढातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, घोड नदीवर, इनामगावच्या खालच्या अंगाला असलेल्या डोहात. आप्पा म्हणजे माझे वडील. आमची चूल त्या डोहातल्या माशांवर पेटायची.

जाळं आई विणायची. जाळ्याच्या प्रत्येक घरात, म्हणजे भोकात, स्वतःची चार बोटं घालून बघायची. बोटं अडकली की उसवायची. बारका मासा निसटलाच पाहिजे, हा तिचा कायदा. आषाढात मरळीची जोडी लाल पिलांचा थवा घेऊन काठच्या लव्हाळ्यात यायची. ज्याला आधी दिसेल त्यानं तिथं करंजाची फांदी रोवायची. मग तिथं कुणीच जाळं टाकत नसे. मरळ पिलांना सोडून पळत नाही, म्हणून तेव्हा तिला धरणं अगदी सोपं. आणि म्हणूनच आमच्यात ते हलकटपणाचं.

त्या वर्षी डोहाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. आम्हाला कुणी विचारलं? न्हाई. सोमवारी त्याचा मुकादम काठावर आला.

"आप्पा, ही फांदी कशाला वो?"

"पिलं हायती. नर-मादी दोघं खालीच बसल्यात. म्हैनाभर तिकडं जाळं नका टाकू."

"खालीच बसल्यात व्हय?" तो हसला. "बरं झालं सांगितलं."

घरी येऊन आप्पा आईला म्हणाले, "माणूस समजूतदार हाय."

मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा मच्छरदाणीसारखं जाळं ओढून झालं होतं. दोन्ही मरळी क्रेटमध्ये. पिलं चिखलात वाळत पडलेली. आमची फांदी मुकादमाच्या माणसांनी जाळं बांधायला खुंटी म्हणून वापरली होती.

"पिलं इकणार हायसा का? मग काढली कशाला?" आई ओरडली.

"ठेका आमचा हाय, मावशी."

आप्पा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मीच जागा दाखवली."

त्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली, ठेक्याविरुद्ध, बारीक जाळ्याविरुद्ध. पण आप्पांनी पुन्हा फांदी रोवली नाही. पिलं दिसली तरी ते आता कुणाला सांगत नाहीत, मलाही नाही. त्यांनी स्वतःला दिलेली ही शिक्षा मला अजून पटत नाही. चूक विश्वास ठेवणाऱ्याची कशी?

तुम्ही शिरूरला, दौंडला मासळी घेता ना? मग आषाढात मरळ घेऊ नका. आणि एरवी पाटीत चार बोटांपेक्षा बारका मासा दिसला, तर हात मागं घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: हा कुठल्या जाळ्यातला?