मस्कतच्या डॉक्टरांना लिहिलेलं आभारपत्र

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

बाबा मस्कतला ड्रायव्हर होते. तिथे खांद्याचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून उजवा हात वर जातच नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी आज भिवंडीत वकिलांकडे गेलो. त्यांनी हॉस्पिटलचं उत्तर पुढ्यात ठेवलं. सोबत जोडलेलं इंग्रजी पत्र माझंच होतं: 'बाबा ठणठणीत आहेत, डॉक्टरांचे खूप आभार.'

लिहिताना बाबा म्हणाले होते, "हात वर व्हत न्हाय, त्ये पन लिव." मी म्हटलं, आभाराच्या पत्रात बरं दिसत नाही.

वकिलांनी विचारलं, "असं का लिहिलं?"

बाबा म्हणाले, "मीच तसा लिवाला सांगितला व्हता."

वकिलांसमोर जे बोलायचं होतं, ते मी इथे तुमच्यासमोर बोलतोय. याला काय म्हणायचं?